डम्पडेटाची ६० एमबीची फाइल लोड का होत नाही, आणि टेस्ट डेटा न्यायचा तरी कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जँगोवर (पायथॉनमधला वेब फ्रेमवर्क) चालणारं एक वेब ॲप्लिकेशन. एकाने आपल्या मशीनवरचा अख्खा डेटाबेस डम्पडेटा कमांडने काढला आणि ६० एमबीची एकच जेसन फाइल झाली. दुसऱ्याने नवा डेटाबेस बनवून, मायग्रेट करून (म्हणजे कोडप्रमाणे टेबलं उभी करून) ती फाइल लोडडेटाने भरायला घेतली, तर इंटिग्रिटी एरर, म्हणजे डेटाबेसचा नियम मोडल्याची तक्रार: कंटेंट टाइपची ही नोंद आधीच आहे. त्याने ते टेबल रिकामं करून पुन्हा लोड केलं, तर आता एरर प्रोफाइलच्या टेबलात. 'याची बरोबर पद्धत काय, आणि हीच फाइल ऑटोमेटेड टेस्टसाठी वापरावी का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, वापरू नका. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, कारण तुमची एरर एक दिसत असली तरी घोळ तीन-चार आहेत आणि ते एकाआड एक लपलेले आहेत.

नवा डेटाबेस रिकामा असतो असं आपण धरून चालतो. तो रिकामा नसतो. मायग्रेट संपता संपता जँगो स्वतःच दोन टेबलं भरून ठेवतो, कंटेंट टाइप (कुठली मॉडेल आहेत याची जँगोची यादी) आणि परमिशन. प्रत्येक मॉडेलसाठी, म्हणजे कोडमधल्या टेबलाच्या वर्णनासाठी, एक कंटेंट टाइप आणि त्याच्या परमिशन. या नोंदींना आयडी मिळतो तो तयार होण्याच्या क्रमाने. तुमच्या मशीनवर एखादं ॲप सहा महिन्यांपूर्वी जोडलं गेलं, सहकाऱ्याच्या मशीनवर सगळी ॲप्स एका दमात आली, म्हणजे क्रम वेगळा आणि आयडीही वेगळे. तुमच्या फाइलमध्ये १७ क्रमांकावर 'ऑर्डर' आहे, त्याच्याकडे ऑर्डर आधीच २२ वर बसलेली आहे. फाइलमधली १७ वाली नोंद लिहायला गेलं की ॲप आणि मॉडेलच्या जोडीवरचा युनिक नियम मोडतो आणि लोड थांबतो.

टेबल रिकामं करणं हा उपाय नव्हे. कंटेंट टाइपवर परमिशन उभ्या असतात आणि परमिशनवर ग्रुप. ज्या नोंदी जँगो स्वतः बनवतो त्या तुम्ही नेऊच नका. डम्प काढतानाच एक्सक्लूड पर्याय देऊन कंटेंट टाइप, परमिशन, सेशन (लॉगिनच्या नोंदी) आणि ॲडमिनचा लॉग हे चार वगळा. सेशन तर दुसऱ्या मशीनवर तसंही निरुपयोगी, कारण ते त्या त्या सीक्रेट कीने सही केलेलं असतं.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि इथेच खरा धोका आहे. तुम्ही परमिशनचं टेबल वगळलं, पण ग्रुपच्या नोंदीत 'या ग्रुपला परमिशन ४१, ४२, ६५' असे आकडे राहिले. दुसऱ्या डेटाबेसमध्ये ४१ क्रमांकाची परमिशन असतेच, फक्त ती वेगळीच काहीतरी असते. लोड बिनतक्रार होतो आणि ज्या ग्रुपला फक्त रिपोर्ट बघायचा हक्क होता त्याला युजर डिलीट करायचा हक्क मिळून जातो. एरर आली तर निदान कळतं तरी. म्हणून एक्सक्लूडच्या जोडीला नॅचरल-फॉरेन हा पर्याय द्यायलाच हवा. मग आकड्याऐवजी फाइलमध्ये परमिशनचं सांकेतिक नाव, ॲप आणि मॉडेल अशी तिन्ही नावं लिहिली जातात आणि लोड होताना त्या नावांवरून तिथला योग्य आयडी शोधला जातो.

हीच सोय आपल्या मॉडेलनाही देता येते. मॉडेलवर नॅचरल की (आयडीऐवजी नोंद ओळखणारं नाव किंवा कोड) परत देणारी मेथड आणि मॅनेजरवर (मॉडेलच्या नोंदी आणणारा भाग) त्या कीवरून नोंद शोधणारी मेथड, एवढंच लिहायचं असतं. चलनाचा तीन अक्षरी कोड, देशाचा कोड, कॅटेगरीचा स्लग (यूआरएलमधलं छोटं नाव) या गोष्टी त्यासाठी उत्तम. व्यक्तीचं नाव नको; ते युनिक असतं असं वाटतं, असत नाही. शिवाय नॅचरल-प्रायमरी हा पर्याय दिला तर फाइलमध्ये प्रायमरी की, म्हणजे आयडी, लिहिलीच जात नाही. लोड करताना तोच कोड आधीपासून असेल तर ती नोंद अपडेट होते, नसेल तर नवी बनते. अशा कोडवाल्या नोंदी फाइलमधून न्यायच्याच असतील तर यासारखं सुख नाही. आयडीसकट काढलेली फाइल लोड केली, की त्या आयडीवर जे काही असेल ते न विचारता पुसलं जातं. सहकाऱ्याने ५ क्रमांकावर स्वतःची कॅटेगरी बनवली होती, तुमच्या फाइलमध्ये ५ वर दुसरीच आहे, तर त्याची गेली. कुठेही इशारा येत नाही.

आता तुमची दुसरी एरर, प्रोफाइलची. कोड न बघताही पैजेवर सांगतो: युजर सेव्ह झाला की आपोआप प्रोफाइल बनवणारा पोस्ट-सेव्ह सिग्नल तुमच्याकडे आहे. लोडडेटा युजर भरतो, सिग्नल चालतो, प्रोफाइल तयार होतं. पुढे फाइलमधलं प्रोफाइल येतं आणि म्हणतं, या युजरचं प्रोफाइल मी आहे. एका युजरला एकच प्रोफाइल हा नियम मोडला, एरर. जँगोने यासाठी सिग्नलला रॉ नावाचा आर्ग्युमेंट दिलेला आहे. फिक्श्चर (लोडडेटाने भरायची अशी फाइल) लोड होत असताना तो खरा असतो. सिग्नलच्या पहिल्याच ओळीत 'रॉ असेल तर परत फिर' असं लिहा. सगळे सिग्नल एकदा तपासा, खासकरून जे ईमेल पाठवतात ते. एका कामावर, कुठे ते सोडा, स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, डेटा लोड करताना 'तुमचं खातं तयार झालं' असे ईमेल खऱ्या ग्राहकांना गेलेले मी पाहिले आहेत. तेव्हापासून डेव्हलपमेंट आणि स्टेजिंगच्या सेटिंगमध्ये ईमेल फक्त कन्सोलवर छापला जाईल याची खात्री झाल्याशिवाय मी लोडडेटाला हात लावत नाही.

रॉचा आणखी एक परिणाम आहे, तो लोकांना फार छळतो. फिक्श्चर लोड होताना मॉडेलवर तुम्ही लिहिलेली सेव्ह मेथड चालत नाही. त्यात तुम्ही स्लग बनवत असाल, एकूण रक्कम मोजत असाल, तर ते होणार नाही; फाइलमध्ये जे आहे तेच टेबलात जाणार. तसंच तयार झाल्याची वेळ आपोआप भरणारं ऑटो-नाऊ-ॲड. हाताने लिहिलेल्या फिक्श्चरमध्ये तो कॉलम राहिला तर वेळ भरली जात नाही आणि 'नल चालणार नाही' अशी एरर येते. गंमत म्हणजे त्याच फील्डवर ऑटो-नाऊ-ॲडऐवजी साधा डीफॉल्ट म्हणून आत्ताची वेळ देणारं फंक्शन ठेवलं असतं, तर काम झालं असतं, कारण डीफॉल्ट मॉडेलचा ऑब्जेक्ट बनतानाच लागतो आणि ऑटो-नाऊ-ॲड सेव्ह होताना.

उलट बाजूनेही एक खड्डा आहे. डम्पडेटा नोंदी उचलतो त्या मॉडेलच्या डीफॉल्ट मॅनेजरमधून. तुमच्याकडे सॉफ्ट डिलीट (नोंद न पुसता फक्त डिलीट झाल्याची खूण) असेल आणि डीफॉल्ट मॅनेजर डिलीट झालेल्या नोंदी लपवत असेल, तर त्या फाइलमध्ये येणारच नाहीत. पण त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या दुसऱ्या टेबलातल्या नोंदी येतील. मग लोडच्या शेवटी फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याची) तक्रार. शेवटी म्हणतोय, कारण लोडडेटा सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं किंवा काहीच नाही) करतो, तोवर फॉरेन कीची तपासणी बाजूला ठेवतो आणि मग एकदम तपासतो. त्यामुळे फाइलमधल्या क्रमाची फार चिंता नको, पण काही तुटकं असेल तर वीस मिनिटं थांबून शून्य हाती येतं. डम्प काढताना ऑल हा पर्याय दिला की लपवलेल्या नोंदीही येतात.

फाइल लोड होण्यापुरतं एवढं पुरे. पण ६० एमबी हा आकडा मला जास्त खुपतो. एक्सपोर्ट म्हणजे कॉपी, असं समजून तुम्ही निघालात. टेस्ट डेटाच्या बाबतीत एक्सपोर्ट म्हणजे निवड. डेटाबेसमध्ये जे साचलंय ते सगळं नेलं, तर त्यात कोणीतरी दोन वर्षांपूर्वी गंमत म्हणून भरलेल्या ऑर्डरी, अर्धवट फीचरच्या नोंदी, 'एबीसी टेस्ट टेस्ट' नावाचे युजर, सगळंच येतं. त्यातली कुठली नोंद कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नसतं आणि म्हणून कुणी ती काढायचं धाडसही करत नाही.

मी डेटा तीन ढिगांत वेगळा करतो. पहिला संदर्भ डेटा: चलनं, देश, कर दरांचे प्रकार, स्टेटसची यादी. हा प्रॉडक्शनलाही, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरलाही, लागतो. त्यामुळे हा फिक्श्चरमध्ये नाही, डेटा मायग्रेशनमध्ये (टेबलांऐवजी नोंदी भरणारं मायग्रेशन) जावा. पूर्वी जँगोमध्ये 'इनिशियल डेटा' नावाचं फिक्श्चर ठेवलं की ते आपोआप लोड होत असे, आवृत्ती १.९ पासून ती सोय काढून टाकली गेली आणि मला विचाराल तर बरंच झालं, कारण कुणी ॲडमिनमधून केलेले बदल ते दर वेळी पुसून टाकायचं. मात्र मायग्रेशनच्या आतून लोडडेटा हाकू नका. मायग्रेशन जुन्या काळातल्या टेबलावर चालत असतं आणि लोडडेटा आजच्या मॉडेलकडे बघतो. आज चालतं, वर्षभराने कुणी एक कॉलम वाढवला की नव्या मशीनवर तेच मायग्रेशन कोसळतं. मायग्रेशन हातात देतं ते जुनं मॉडेल घेऊन नोंदी बनवा.

दुसरा ढीग म्हणजे डेमो डेटा: नवीन माणूस टीममध्ये आला, ॲप चालू केलं, तर पडद्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. इथे फिक्श्चर शोभतं. शंभर-दोनशे नोंदी, निवडून घेतलेल्या, त्या त्या ॲपच्या फिक्श्चर्स फोल्डरमध्ये. एखाद्या टेबलातल्या ठरावीक नोंदीच हव्यात तर डम्पडेटाला पीकेज पर्यायात त्यांचे आयडी देता येतात, मात्र एका वेळी एकाच मॉडेलसाठी. इंडेंट २ द्यायला विसरू नका. नाही तर सगळा जेसन एका ओळीत येतो आणि एक अक्षर बदललं तरी गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) अख्खी फाइल बदललेली दिसते; रिव्ह्यू करणारा डोळे झाकून मंजुरी देतो. फाइल किंवा फोटोच्या फील्डमध्ये फक्त पाथ साठवलेला असतो हेही ध्यानात असू द्या, मीडिया फोल्डर वेगळा न्यावा लागतो. अशा डेमो डेटावर पटकन काही बघायचं असेल तर टेस्टसर्व्हर ही कमांड तात्पुरता डेटाबेस बनवून, फिक्श्चर भरून सर्व्हर चालू करते. फार कमी जण वापरतात. तुमचा रोजचा डेटाबेस तिच्यामुळे खराब होत नाही.

तिसरा ढीग ऑटोमेटेड टेस्टचा, आणि तो फाइलमध्ये नसावाच. यावर माझे काही जुने सहकारी अजून वाद घालतात, पण मी ठाम आहे. टेस्टमध्ये लिहिलेलं असतं 'ग्राहक क्रमांक ७ ची थकबाकी १२५० यावी'. हे १२५० कुठून आलं? ते कळायला दुसरी फाइल उघडायची, तिसऱ्या टेबलात तीन पावत्या शोधायच्या आणि त्यातली एक रद्द झालेली आहे हे ओळखायचं. कुणी दुसऱ्या टेस्टसाठी ग्राहक ७ ला चौथी पावती जोडली की ही टेस्ट पडते, आणि दोघांचाही काही दोष नसतो. त्याऐवजी टेस्टच्या वर्गात सेटअप-टेस्ट-डेटा मेथडमध्ये, फॅक्टरी बॉयसारखी (कोडमधून नमुना नोंदी बनवणारी) लायब्ररी घेऊन, त्या टेस्टला लागतं तेवढंच बनवा: एक ग्राहक, दोन चालू पावत्या, एक रद्द. आकडे टेस्टच्या शेजारीच दिसतात.

वेगाचा हिशोबही करून बघा. लोडडेटा नोंदी एकेक करून सेव्ह करतो. नोंदीत प्रायमरी की असेल तर आधी अपडेट करून बघतो, काही अपडेट झालं नाही की मग इन्सर्ट. म्हणजे रिकाम्या टेबलावर नोंदीमागे दोन क्वेरी. पाच हजार नोंदींचं फिक्श्चर म्हणजे दहा हजार क्वेरी. जँगोची साधी टेस्टकेस हे दर वर्गामागे एकदा करते. दोनशे वर्ग असतील तर वीस लाख क्वेरी, निव्वळ तयारीच्या. ट्रान्झॅक्शन-टेस्टकेस तर हे प्रत्येक टेस्टमागे करते. टेस्ट चालायला पाऊण तास लागतो अशी तक्रार आली की मी आधी फिक्श्चर्सच्या याद्या उघडतो.

फॅक्टरीत यादृच्छिक डेटा वापरत असाल तर खोटी नावं-पत्ते बनवणाऱ्या फेकर लायब्ररीला सीड (सुरुवातीचा ठरावीक आकडा) द्या, म्हणजे पडलेली टेस्ट पुन्हा तशीच पाडून दाखवता येते. लायब्ररीची आवृत्तीही पक्की ठेवा. सीड तोच असला तरी आवृत्ती बदलली की येणारी नावं बदलू शकतात. आणि तारखा! फिक्श्चरमध्ये सदस्यत्व संपण्याची तारीख कुणीतरी 'लांबची' म्हणून ३१ डिसेंबर टाकली होती. १ जानेवारीला सकाळी चौदा टेस्ट लाल. सुटीवरून परत आलेले आम्ही दोघं आदल्या आठवड्याच्या कमिटमध्ये दोष शोधत बसलो होतो. तारीख आजपासून मोजून बनवा, नाही तर टेस्टमध्ये घड्याळच गोठवा.

फिक्श्चर शिळं होतं, हा त्याचा उपजत स्वभाव. कॉलम काढला की लोड करताना 'असं फील्ड नाही' म्हणून डीसीरियलायझेशन एरर. इग्नोर-नॉन-एक्झिस्टंट पर्याय देऊन ती दडपता येते, पण ती सवय लागू देऊ नका. चुकीचं स्पेलिंगही त्याच वाटेने दडपलं जातं. हाताने जेसन दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी असं करतो: फिक्श्चर ज्या कमिटला शेवटचं चालत होतं तिथे जायचं, रिकामा डेटाबेस मायग्रेट करायचा, फिक्श्चर लोड करायचं. मग आजच्या कमिटवर यायचं, पुन्हा मायग्रेट आणि पुन्हा डम्प. डेटा कसा बदलायचा हे मायग्रेशनला माहीत आहेच, त्यालाच राबवा. आणि बिल्डमध्ये (दर बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एक पायरी जोडा: रिकामा डेटाबेस, मायग्रेट, सगळी फिक्श्चर लोड. मॉडेल बदलणाऱ्यालाच त्याच दिवशी कळतं.

मोठा डेटा खरंच लागत असेल, म्हणजे क्वेरी किती वेळ घेते ते तपासायला वीस-तीस लाख नोंदी हव्या असतील, तर डम्पडेटा हे हत्यारच चुकीचं. जेसन फाइल लोड होताना अख्खी मेमरीत घेतली जाते. जँगो ३.२ पासून जेसनएल हा प्रकार आला, ज्यात एका ओळीत एक नोंद असते. मेमरीचा प्रश्न सुटतो, एकेक नोंद सेव्ह करण्याचा सुटत नाही. तिथे डेटाबेसचीच साधनं वापरा. पोस्टग्रेसमध्ये पीजी-डम्प आणि पीजी-रिस्टोर आहेत. त्याहून सोपं म्हणजे एकदा भरलेला डेटाबेस टेम्प्लेट म्हणून ठेवायचा आणि हवा तेव्हा त्यावरून नवा बनवायचा. एका वाक्याची कमांड आहे, अट एवढीच की त्या वेळी टेम्प्लेटला दुसरं कुणी जोडलेलं नसावं. फक्त आयडीसकट नोंदी थेट एसक्यूएलने किंवा कॉपी कमांडने टाकल्या तर सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा आकडा) मागेच राहतो आणि ॲपमधून पहिली नवी नोंद बनवताना 'डुप्लिकेट की' येते. लोडडेटा सीक्वेन्स स्वतः पुढे सरकवतो, थेट कॉपी सरकवत नाही. अशा वेळी एसक्यूएल-सीक्वेन्स-रीसेट कमांड लागणारं एसक्यूएल छापून देते. चालवायचं मात्र आपल्यालाच.

टेस्टर मंडळी डेटा एक्सेलमध्ये भरून सीएसव्ही देतात तेव्हा फार न बोलता तीन गोष्टी बघतो: सुरुवातीची शून्यं उडालीत का, पंधरापेक्षा जास्त अंकांच्या क्रमांकांचे शेवटचे अंक शून्य झालेत का, आणि रिकामी जागा म्हणजे नल की रिकामी स्ट्रिंग. पोस्टग्रेसच्या सीएसव्हीत अवतरण चिन्हांशिवाय रिकामं असलं तर नल, अवतरणात रिकामं असलं तर रिकामी स्ट्रिंग. हा फरक एक्सेल पाळत नाही.

तुमच्यापैकी एक जण विंडोजवर आहे असं लिहिलंय, म्हणून हेही. जुन्या पॉवरशेलमध्ये डम्पडेटाचं आउटपुट 'पेक्षा मोठे'च्या चिन्हाने फाइलमध्ये वळवलं तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि लोडडेटा पहिल्याच बाइटला अडखळतो. आउटपुट पर्यायाने फाइलचं नाव द्या. त्यानंतरही देवनागरी मजकूर आला की 'चारमॅप' वाली एरर येऊ शकते, तेव्हा पायथॉन यूटीएफ-८ मोडमध्ये चालवा.

राहिला प्रॉडक्शनचा डेटा. तुमच्या ६० एमबीत तो थोडाफार असावा असा मला दाट संशय आहे, कारण हाताने कुणी एवढं भरत नाही. खरी नावं, फोन, ईमेल डेव्हलपरच्या लॅपटॉपवर येता कामा नयेत; मास्किंग (खरी माहिती झाकणं) प्रॉडक्शनच्या बाजूलाच, डेटा बाहेर पडण्याआधी व्हायला हवं. ईमेल बदलताना एक्झाम्पल डॉट कॉम किंवा डॉट टेस्टने संपणारे पत्ते वापरा. १९९९ च्या आरएफसी २६०६ ने ते अशाच कामासाठी राखून ठेवले आहेत, त्यामुळे चुकून ईमेल सुटला तरी कुणा खऱ्या माणसाला जात नाही. 'टेस्ट ॲट' असं लिहून मनाने एखादं डोमेन ठोकून देऊ नका, ते कुणाच्या तरी मालकीचं असतं. एकच ग्राहक तीन टेबलांत असेल तर तिन्हीकडे त्याचं खोटं नाव एकच यायला हवं, म्हणून नुसता रँडम नको. गुप्त कीसह हॅश (त्याच नावाला दर वेळी तोच येणारा सांकेतिक आकडा) काढून त्यावरून नाव निवडा. आणि मोकळ्या मजकुराचे कॉलम, म्हणजे टिपा, तक्रारी, कॉलवरचं बोलणं, हे मास्क करायच्या भानगडीत पडू नका, सरळ रिकामे करा. लोक तिथे काय काय लिहून ठेवतात याचा अंदाज येत नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर आज सिग्नलमध्ये रॉची तपासणी टाकली असती, चार टेबलं वगळून आणि नॅचरल-फॉरेन लावून डम्प पुन्हा काढला असता, म्हणजे सहकाऱ्याचं आजचं काम सुरू होतं. या आठवड्यात त्यातून दोनशे नोंदी निवडून डेमो फिक्श्चर बनवलं असतं. टेस्ट एकदम बदलायला घेऊ नका. ज्या टेस्टला हात लागेल ती फॅक्टरीवर न्या. ती ६० एमबीची फाइल गिटमध्ये कमिट झाली आहे का ते मात्र आत्ताच बघा. झाली असेल आणि तिच्यात खरे ईमेल असतील, तर नव्या कमिटमध्ये ती डिलीट करून भागत नाही, इतिहासात ती तशीच राहते. गिट फिल्टर-रेपोने इतिहासातून काढावी लागेल, आणि मग टीममधल्या प्रत्येकाला नव्याने क्लोन करायला सांगावं लागेल. एकाने जरी जुन्या क्लोनवरून पुश केलं तरी ती फाइल परत येऊन बसते.